अडगळ, उष्टे आणि उकिरडा : ‘चंगळवाद’ या संज्ञेची फेरतपासणी

मराठी समीक्षेत ‘चंगळवाद’ ही संज्ञा गेल्या तीन-चार दशकांत इतकी रुळली आहे, की तिची व्याख्या करण्याची गरज आता फारशी कोणाला भासत नाही. जागतिकीकरण, बाजारपेठ, जाहिरात आणि चंगळवाद हे शब्द एका दमात उच्चारले जातात. एखादी कविता वा कादंबरी ‘चंगळवादी संस्कृतीवर प्रहार करते’ असे म्हटले, की तिच्या आशयाची चर्चा पूर्ण झाली असे मानले जाते. वस्तुतः ‘चंगळ’ हा शब्द मुळात निंदाव्यंजक नाही. ‘आज पोरांची चंगळ झाली’ असे ज्या घरात म्हटले जाते त्या घरात रोज चंगळ नसते, हे त्या वाक्यातच गृहीत असते. त्याला ‘वाद’ जोडला जाताच सणासुदीचा शब्द दोषारोपाचा झाला. आणि ज्यांच्या वाट्याला चंगळ क्वचितच आली त्यांच्या तोंडचा शब्द त्यांच्याच खरेदीचा न्यायनिवाडा करू लागला. संज्ञा वापरण्यापूर्वी तिची झडती घ्यावी, ही नांदेडमध्ये राहून नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी घालून दिलेली शिस्त. या संज्ञेच्या बाबतीत ती पाळली गेली नाही.

या संज्ञेमागे जो सैद्धांतिक आधार उभा केला जातो तो बहुतांशी पाश्चात्त्य आहे, आणि त्यात गैर काही नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये प्रदर्शनी उपभोगाची मीमांसा केली. व्हान्स पॅकार्ड यांनी १९६० मध्ये ‘द वेस्ट मेकर्स’ या ग्रंथात वस्तू लवकर निकामी व्हाव्यात वा जुन्या वाटाव्यात अशीच त्यांची रचना कशी केली जाते, हे अमेरिकी उद्योगांच्या संदर्भात दाखवले. ज्याँ बोद्रियार यांनी १९७० च्या ग्रंथात वस्तूच्या उपयोगमूल्यापेक्षा तिचे चिन्हमूल्य महत्त्वाचे कसे ठरते, आणि फेकून देणे हा विपुलतेच्या समाजाचा अपघात नसून स्वतःची विपुलता सिद्ध करण्याची त्याची रीतच कशी आहे, याचे विवेचन केले. तिघांच्याही विचारात एक गोष्ट समान आहे : टाकणे हे असण्यातून येते. ज्याच्याजवळ पुरून उरते तो टाकतो. मराठी समीक्षेने हे गृहीतक जसेच्या तसे स्वीकारले आणि त्याला ग्रामीण काटकसरीच्या स्मृतीची जोड दिली. त्यातून एक सोयीचे द्वंद्व तयार झाले. एका बाजूला काहीही वाया न घालवणारे जुने गाव, दुसऱ्या बाजूला उधळे नवे शहर. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचे दैनंदिन जीवन आणि या परिसरातून आलेले साहित्य समोर ठेवले, तर या द्वंद्वाच्या दोन्ही बाजू डळमळतात.

पहिली बाजू शहराची. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली. त्यापूर्वी पाणवठ्यांभोवती जमावबंदीचा आदेश निघाला होता. अशा शहरात कागदाच्या प्लेटा, प्लॅस्टिकचे पेले आणि पाण्याच्या बाटल्या यांचा वापर वाढतो, तेव्हा त्याला चंगळ म्हणावे काय? भांडी घासायला पाणी नसेल तर एकदा वापरून टाकायची प्लेट हीच काटकसर ठरते. नळाला पाणी नसेल तर जार विकत घ्यावाच लागतो. हीच गोष्ट शाम्पूच्या, तेलाच्या, चहाच्या पुडीची. १९८० च्या दशकापासून भारतीय बाजारपेठेत छोट्या पुडीने जो विस्तार केला, तो ज्याच्या हाती महिन्याचा पगार नाही, रोजची मजुरी आहे, अशा गिऱ्हाइकाच्या आधारावर. बाटली घेणे स्वस्त पडते हे त्या गिऱ्हाइकाला कळत नाही असे नाही. बाटलीचे पैसे एका वेळी त्याच्या हाती नसतात, एवढेच. त्यामुळे गावाच्या वेशीवर वाऱ्याने उडणाऱ्या रिकाम्या पुड्यांचा ढीग हा विपुलतेचा अवशेष नाही. मजुरीच्या दैनिक चलनाचा तो अवशेष आहे. पॅकार्ड यांच्या अमेरिकेत वस्तू पुष्कळ असल्यामुळे टाकली जात होती. येथे टाकाऊ वस्तू हीच अनेकदा परवडणारी एकमेव वस्तू असते. या दोन टाकण्यांना एकच नाव दिल्याने विश्लेषण सोपे होते, परंतु चुकते.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, १ जुलै २०२२ पासून एकल-वापराच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशव्यापी बंदी आली. या बंदीचे स्वागत करणाऱ्या लेखनात भाजी विकणाऱ्या बाईच्या हातातील पिशवी ज्या ठळकपणे दिसते, त्या ठळकपणे कारखान्यातून वेष्टनासह येणारा माल दिसत नाही. हा प्रश्न समाजशास्त्राचा म्हणून सोडून देता येईल. पण जे दृष्टीचे वाण प्रशासनात आहे तेच समीक्षेतही आहे : वस्तू कोणाच्या हातून खाली पडली हे पाहायचे, ती त्या हातात का आली हे नाही.

आता दुसरी बाजू, गावाची. येथे मराठी भाषेतील एका शब्दापाशी थांबणे आवश्यक आहे. हा शब्द म्हणजे ‘अडगळ’. उपयोगाची वस्तू आणि कचरा या दोहोंच्या मधली ही अवस्था आहे : वस्तू वापरात नाही, पण टाकलेलीही नाही. माळवदाच्या घरात तिची जागा ठरलेली असे. ढेलजेच्या कोपऱ्यात, रिकाम्या बळदात, उतरंडीमागे, माळ्यावर मोडकी तिफण, गळकी घागर, तुटलेल्या पाळण्याची कडी पडून राहत असे. मायकेल थॉम्सन यांनी ‘रबिश थिअरी’ (१९७९) या ग्रंथात असे दाखवले आहे, की ज्यांचे मूल्य दिवसेंदिवस घटते अशा वस्तू आणि ज्यांचे मूल्य वाढत जाते अशा वस्तू यांच्यामध्ये शून्य मूल्याचा एक प्रदेश असतो. वस्तू त्यात पडून राहते, विस्मरणात जाते, आणि कधी तरी कोणी तरी तिला पुन्हा ‘शोधले’ की दुसऱ्या वर्गात जाते. मराठी माणसाला हा सिद्धांत समजावून सांगावा लागत नाही, कारण त्या प्रदेशाला त्याच्या भाषेत नाव आहे. भालचंद्र नेमाडे यांनी ‘हिंदू’ (२०१०) या कादंबरीच्या उपशीर्षकात हाच शब्द योजला आणि त्याला ‘समृद्ध’ हे विशेषण दिले. कादंबरीचा नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, हे या दृष्टीने अन्वर्थक आहे. पुरातत्त्ववेत्त्याचे सारे साधनच मुळी कोणीतरी टाकलेले वा मागे सोडलेले असते. लातूरपासून फार दूर नसलेल्या तेर या गावी, प्राचीन तगर नगरीच्या जागी, रामलिंगप्पा लामतुरे यांनी मातीतून वर येणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, खापरे गोळा करून ठेवली. त्यांच्याच नावाने आज तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. थॉम्सनच्या सिद्धांताला याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

तथापि ‘समृद्ध’ या विशेषणाची किंमत कोण देतो, हा प्रश्न उरतोच. अडगळ ठेवायला जागा लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जो भूकंप झाला, त्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे हेच मृत्यूचे कारण झाले. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. पुनर्वसनात घरांचे आकार कुटुंबाकडील जमिनीवरून ठरले : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला अडीचशे. म्हणजे मातीखाली गेलेल्या गावात जो भेद वाड्याच्या आणि झोपडीच्या रूपाने होता, तो नव्या गावात आराखड्यावर छापला गेला. अडीचशे चौरस फुटांत बळद नसते, माळा नसतो, अडगळही नसते. तेथे वस्तू वापरात असते किंवा दाराबाहेर असते. किल्लारीविषयीच्या लेखनात हरवलेल्या घराचा, अंगणाचा, देव्हाऱ्याचा शोक आहे आणि तो खरा आहे. पण अडगळीची ऊब हा मुळात जमीनधारकाच्या घराचा अनुभव होता, हे त्या शोकात विसरले जाते. नेमाडे यांच्या कादंबरीतील ‘समृद्ध’पणा खानदेशातील शेतकरी घराच्या आत उभा आहे. त्या घराबाहेरून ‘अडगळ’ कशी दिसते?

त्याचे उत्तर याच परिसरातील आत्मकथनांत आहे. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) उदगीर भागातील जीवनातून आले. आई-वडिलांचे छत्र हरपलेला, बहिणीच्या आश्रयाने वाढणारा मुलगा त्याच्या केंद्रस्थानी आहे. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला (१९८७) पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या जोडीला सोलापूर जिल्ह्याच्या सीमाभागातून आलेले शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) ठेवले, तर ‘काहीही वाया न घालवणारे गाव’ या कल्पनेची उलटी बाजू स्पष्ट होते. गावात काही वाया जात नव्हते, कारण वाया जाणारे सारे ज्यांच्याकडे वळवता येईल अशी माणसे गावकुसाबाहेर ठेवलेली होती. शिळी भाकरी येसकराच्या टोपल्यात जात असे, मेलेले जनावर महारवाड्यात, जुनेर मांगवाड्यात. ‘अक्करमाशी’त सहलीच्या वेळी सवर्ण मुलांचे उरलेले अन्न दलित मुलांच्या वाट्याला येते, शेणातून वेचलेल्या, धुतलेल्या दाण्यांची भाकरी तेथे आहे. पर्यावरणवादी परिभाषेत याला पुनर्वापर म्हणावे लागेल. त्या परिभाषेची मर्यादा येथेच उघडी पडते. ‘शून्य कचरा’ असलेली जी ग्रामव्यवस्था आज आदर्श म्हणून मांडली जाते, तिच्यात कचऱ्याला शून्य करण्याचे काम माणसाच्या पोटाकडे सोपवलेले होते.

मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये घाण म्हणजे ‘जागा चुकलेली वस्तू’ अशी जी व्याख्या मांडली, ती भारतीय संदर्भात थोडी वाकवावी लागते. येथे वस्तूची जागा चुकत नव्हती. टाकलेल्या वस्तूची जागा जन्माने ठरलेल्या माणसांपाशी पक्की होती. यासाठीच १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि टाकलेले, उष्टे अन्न सोडून देण्याचे जे आवाहन केले, ते केवळ आरोग्याचे वा नीतीचे नव्हते. दुसऱ्याने टाकलेले न घेणे ही राजकीय कृती होती. मराठी साहित्यात वस्तूच्या स्वीकार-नकाराचा हा सर्वांत निर्णायक क्षण आहे, आणि ‘चंगळवाद’विषयक चर्चेत त्याचा उल्लेखही आढळत नाही. त्या नकारानंतर दलित घरात आलेली नवी वस्तू, मग ते नवे लुगडे असो, सायकल असो वा रेडिओ, ही केवळ उपभोगाची वस्तू राहत नाही. ती उष्ट्याच्या विरुद्धार्थी असते. १९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात ज्या दंगली झाल्या, त्यांत नांदेड जिल्ह्यातील दलित वस्त्यांमधील घरे जळाली, संसार उद्ध्वस्त झाले. त्या हिंसेचा एक रोख माणसांवर होता तसा घरात जमलेल्या वस्तूंवरही होता. ज्याला नवे काही मिळता कामा नये, त्याच्याकडे नवे दिसू लागले होते.

‘उचल्या’ला या मांडणीत वेगळे स्थान आहे. येथे वस्तू दान म्हणून वा उष्टे म्हणून येत नाही. ती उचलली जाते. इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्याने ज्यांच्यासारख्या अनेक जमातींना गुन्हेगार ठरवले, त्या समाजातील हे कथन बाजाराकडे ग्राहकाच्या वा विक्रेत्याच्या नजरेने पाहतच नाही. बाजार ही तेथे जोखमीची जागा आहे; वस्तूची किंमत पैशात मोजली जात नाही, पोलिसांच्या मारात मोजली जाते. पुढे निवेदक लातूरच्या सूतगिरणीत कामगार होतो आणि वस्तू घडवणाऱ्या यंत्रापाशी येतो. चोरी, उत्पादन आणि संघटना असा हा वस्तूशी असलेल्या नात्याचा प्रवास आहे. समीक्षेने ‘उचल्या’ जवळजवळ केवळ वेदनेचा दस्तऐवज म्हणून वाचले. त्यातील अर्थव्यवस्थेचे आकलन न वाचता राहिले.

नव्वदोत्तरी कवितेची चर्चाही या प्रकाशात बदलावी लागते. ‘अभिधा’ आणि नंतर ‘अभिधानंतर’भोवती जमलेल्या महानगरी कवींनी ब्रँडनावे, मॉल, दूरचित्रवाणी यांची भाषा कवितेत आणली आणि उपभोगाने कोंडलेल्या मध्यमवर्गीय मनाचे नेमके चित्र काढले. ते त्या वर्गापुरते खरे आहे. पण अरुण काळे यांच्या ‘नंतर आलेले लोक’ आणि ‘ग्लोबलचं गावकूस’ या संग्रहांची शीर्षकेच वेगळा प्रश्न विचारतात. जे नंतर आले त्यांना दुकान बंद होण्याच्या वेळी आत घेतले गेले आहे. आणि ज्या विश्वाला सीमा नाहीत असे सांगितले जाते त्यालाही गावकूस आहे. मेजवानी संपत आली असताना पोहोचलेल्या माणसाला उपभोगाविषयीचे प्रवचन ऐकवले जाते, तेव्हा त्या प्रवचनाचा सूर त्याला ओळखीचा वाटतो.

एका क्षुल्लक वस्तूचे उदाहरण या गुंत्यासाठी पुरेसे आहे. मराठवाड्यातील खेड्यांत चहाच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवण्याची, आणि ती त्यांनीच धुऊन ठेवण्याची रीत होती. आज तेथे कागदाचा वा प्लॅस्टिकचा पेला आहे. तो सर्वांसाठी सारखा, कारण तो कोणाचाच नाही, प्यायल्यावर टाकायचा. टाकाऊ पेल्याने वेगळी कपबशी मोडीत काढली असे म्हणता येईल, आणि ते खोटे नाही. परंतु दुसऱ्याने ओठ लावलेले भांडे धुऊन घेण्याचा प्रसंगही त्याच पेल्याने टाळला आहे. अस्पृश्यता संपली की तिची गरज उरली नाही? पूर्वीही मातीचे बोळके, पळसाची पत्रावळ या वस्तू एकदाच वापरल्या जात. टाकण्यामागे सोय होती तसाच विटाळाचा विचारही होता. ‘वापरा आणि फेका’ ही रीत पाश्चात्त्य बाजारपेठेने शिकवली असे म्हणणाऱ्यांनी पत्रावळीचा हा इतिहास नजरेआड केला आहे. पत्रावळ उकिरड्यावर कुजत असे, पेला कुजत नाही, हा फरक मोठा आहे. पण तो पदार्थाचा फरक आहे, मनोवृत्तीचा नाही.

उकिरड्याविषयीही थोडे. बारा वर्षांनी त्याचेही दिवस पालटतात असे लोकोक्ती सांगते, आणि शेतीव्यवस्थेत ते शब्दशः खरे होते. घरातले टाकलेले उकिरड्यावर, उकिरड्यातले खत शेतात, असे ते चक्र होते. आज त्या खतातून प्लॅस्टिकचे तुकडे रानात पसरतात, नांगराच्या फाळाला अडकतात. शहरांचे उकिरडे मात्र दूर नेले गेले : नांदेडचा तुप्प्याला, लातूरचा वरवंटीला. ज्या गावाने तो कचरा केला नाही त्याच्या नावाने तो ओळखला जातो. गावकुसाचे हे नवे रूप मराठी कथेने अजून पुरेसे पाहिलेले नाही.

टाकण्याची सर्वांत प्रखर कृती ज्या कथेत आहे ती ग्राहकाची नाहीच. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’मध्ये बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही, आणि ते पिकवणारा बापच ते पायांखाली तुडवतो, मुलगा पाहत राहतो. या कृतीचा विचार चंगळवादाच्या चौकटीत करता येत नाही, कारण येथे टाकणाऱ्याकडे जास्त झालेले काही नाही. बाजारात जास्त झाले आहे आणि घरात काहीच नाही. ग्राहक न बघता टाकतो. हा शेतकरी बघत, राबलेल्या प्रत्येक दिवसासह टाकतो. शहरी स्वयंपाकघरातील स्वस्ताई आणि हा चिखल या एकाच व्यवहाराच्या दोन टोकांच्या गोष्टी आहेत. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’पर्यंत (२००२) आलेल्या शेतकरी-कादंबरीचे वाचन या टोकापासून झाले असते, तर ती केवळ दुःखाची कादंबरी ठरली नसती.

ही कथा शालेय पाठ्यपुस्तकातून हजारो विद्यार्थ्यांपर्यंत गेली. ज्या लातूरने परीक्षेतील यशाचा ‘लातूर पॅटर्न’ राज्याला दिला, तेथे आणि त्याच्या अनुकरणाने नांदेडमध्येही, पाठ्यपुस्तकाच्या शेजारी मार्गदर्शिका, अपेक्षित प्रश्नसंच, सराव-चाचण्यांच्या पुस्तिका यांचे ढीग दर वर्षी उभे राहतात आणि निकालानंतर रद्दीत जातात. ते विकत घेणारे पालक अनेकदा ‘लाल चिखल’मधल्या बापासारखेच शेतकरी असतात, सोयाबीन आणि तूर विकून आलेल्या पैशांतून क्लासची फी आणि ही पुस्तके घेतली जातात. त्यांना चंगळवादी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण त्या पुस्तिकांत कथेतील बाप टोमॅटो का तुडवतो, याचे उत्तर चार गुणांसाठी चार मुद्द्यांत तयार असते. पदव्युत्तर वर्गात ‘उचल्या’चीही गत निराळी नाही, त्याची ‘आशयसूत्रे’ आणि ‘भाषाशैलीची वैशिष्ट्ये’ छापलेल्या टिपणांतून येतात, आणि सत्र संपले की मूळ पुस्तक व टिपणे एकाच गठ्ठ्यात, एकाच भावाने किलोवर जातात.